अमेरिकेतलं छोटं ख्रिस्ती कॉलेज आणि बेसबॉल: संघाची पारख कशी करायची?

अंत्रुजकर (फोंडा)

भाचा यंदा गोवा बोर्डाच्या बारावीला आहे, सायन्स. डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा), उंची ५ फूट ११ इंच. आधी सॉफ्टबॉल, मग बेसबॉल, राज्याच्या संघातून खेळलेला. रडार गनवर फास्टबॉल ७६ ते ७८ मैल येतो, म्हणजे साधारण १२२ ते १२५ किलोमीटर. त्याने व्हिडिओ पाठवले होते, त्यावर अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका ख्रिस्ती कॉलेजच्या प्रशिक्षकाचं उत्तर आलं. कॉलेजात जेमतेम ६०० विद्यार्थी. संघ एनएआयए (मुख्यतः लहान कॉलेजांची) आणि एनसीसीएए या दोन्ही क्रीडासंघटनांत. ट्युशन २८,००० डॉलर, राहणं-जेवण १०,०००. प्रशिक्षक खेळाची ८,००० डॉलर शिष्यवृत्ती देतो म्हणतो, मार्कांवर आणखी काही मिळेल म्हणतो. जागा राखायला ३०० डॉलर दोन आठवड्यांत भरा, असं मेलमध्ये आहे.

फोटो सुंदर आहेत, पण फोटो कोणाचे सुंदर नसतात! हा संघ खरंच मुलाला खेळवील, शिकवील, की नुसती फी भरणारा एक मुलगा म्हणून नेतील, हे इथे बसून कसं ओळखायचं? आम्ही हिंदू आहोत. भाऊजी म्हणतात, आपली मुलं म्हापशाच्या झेवियरला, पणजीच्या डॉन बॉस्कोला शिकतातच की, त्यात काय! ते तितकंच सोपं आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

स्कोअरबुक (म्हापसा)

अंत्रुजकर बाब, आधी संघटनांचं. एनसीसीएए ही ख्रिस्ती कॉलेजांची संघटना, १९६८ पासूनची. तिच्यात दोन डिव्हिजन. दुसऱ्यात बायबल कॉलेजं, तिथे खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. पहिल्यातली पुष्कळ कॉलेजं त्याच वेळी एनएआयए किंवा एनसीएए या सर्वांत मोठ्या क्रीडासंघटनेचीही सभासद असतात. तुमचं त्यातलं दिसतं. अशा कॉलेजचा खरा दर्जा एनएआयएतल्या त्याच्या कॉन्फरन्सवरून (नेहमी आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटावरून) ठरतो. एनसीसीएएचा करंडक वेबसाइटवर झळकत असेल तर कौतुक करा आणि पुढे जा.

एनएआयएत बेसबॉलला १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा आहे आणि त्या तुकडे करून वाटता येतात. ५५ मुलांच्या संघात सारख्या वाटल्या तर प्रत्येकाला ०.२२ येते. ३८,००० च्या खर्चावर हा वाटा सुमारे ८,३०० डॉलर. म्हणजे तुमचे ८,००० हे सरासरी माप झालं. प्रशिक्षक मुलावर फिदा आहे असं त्यावरून समजू नका, आणि टाळतोय असंही नाही. शिवाय १२ ही वरची मर्यादा, तेवढे पैसे कॉलेज प्रत्यक्षात देतंच असं नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: ‘बेसबॉलसाठी यंदा किती पूर्ण शिष्यवृत्त्यांइतका निधी आहे आणि तो किती मुलांत वाटला आहे?’

आता मुख्य काम. संघाच्या पानावरून गेल्या चार हंगामांचे रोस्टर (खेळाडूंच्या याद्या) उतरवून घ्या. जुने पान काढून टाकलं असेल तर वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर) बहुधा सापडतं. एक्सेलमध्ये नाव, वर्ष, जागा, डावा-उजवा हात आणि आधीची शाळा किंवा कॉलेज एवढे रकाने पुरेत. मग दोन वर्षांपूर्वीचे सगळे फ्रेशमन (पहिल्या वर्षाची मुलं) घ्या आणि त्यातले आज किती उरले ते मोजा. २० आले आणि १४-१५ टिकले तर घर चांगलं आहे. ५-६ उरले असतील तर दरवर्षी नवी भरती करून जुनी मुलं गळू देण्याचा तिथला रिवाज आहे. लहान खासगी कॉलेजं विद्यार्थिसंख्या भरून काढायला खेळाचा आधार घेतात हे उघड गुपित आहे. बेसबॉल त्यासाठी सोयीचा, कारण एका संघात ५०-६० मुलं बसवता येतात. मैदानावर मात्र एका वेळी नऊच.

मुलं कुठून आली तेही बघा. ज्युनियर म्हणून, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला दाखल झालेली, आधी दोन वर्षांच्या कॉलेजात खेळलेली मुलं जास्त असतील तर प्रशिक्षक तयार माल आणतो. तो जिंकतोही, पण फ्रेशमन बाकावर बसतो.

मग आकडेवारीचं पान. पिचरसाठी एकच रकाना आधी बघायचा, किती इनिंग टाकल्या तो. समजा हंगामात ४८ सामने. लहान कॉलेजं डबलहेडर (एका दिवशी दोन सामने) खेळतात, त्यातला एक सामना पुष्कळदा ७ इनिंगचा असतो. निम्मे ७ चे आणि निम्मे ९ चे धरले तर एकूण ३८४ इनिंग. संघात २२ पिचर आहेत आणि वरच्या आठांनी तीन चतुर्थांश, म्हणजे २८८ टाकल्या, तर उरलेल्या १४ जणांच्या वाट्याला ९६. वर्षाला प्रत्येकी सातेक इनिंग. तेवढ्यासाठी घरदार सोडून, लाखो रुपये घालून जायचं का, हा तुमचा निर्णय. पण हे गणित तिकीट काढायच्या आधी करा.

आणखी तीन गोष्टी तिथूनच निघतात. पहिली, दर नऊ इनिंगमागे वॉक (चार बाहेरचे चेंडू टाकून बॅटरला फुकट दिलेला पहिला बेस) किती. सहाच्या वर असतील तर संघाला स्ट्राइक टाकणारा माणूसच मिळत नाहीये, किंवा पिचिंग शिकवणारा कोणी नाही. दुसरी, एकूण धावा आणि अर्न्ड धावा (क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय झालेल्या) यांतला फरक. ३३० पैकी ८०-९० धावा चुकांमुळे गेल्या असतील तर भाच्याने काढलेला साधा ग्राउंड बॉलही मागून निसटणार. अशा संघात तरुण पिचर घाबरून कोपऱ्यावर टाकत राहतो आणि आणखी वॉक देतो. तिसरी, सामने कोणाशी. एनएआयएत नसलेल्या छोट्या बायबल कॉलेजांना २०-१ हरवून विजयांची संख्या फुगवता येते. कॉन्फरन्समधले सामने तेवढे वेगळे काढा आणि त्यात दहा धावांच्या नियमाने किती हरले ते मोजा.

बॉक्स स्कोअरही (एकेका सामन्याचं धावपत्रक) उघडा, दहा-बारा पुरे. पिचरच्या नावापुढे टाकलेल्या चेंडूंची संख्या असते. फ्रेशमनने १२० च्या वर टाकलेत आणि तोच तिसऱ्या दिवशी पुन्हा माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) दिसतोय, असं दोनदा सापडलं तर माझ्या मते तिथेच थांबावं. १८ वर्षांच्या कोपराची किंमत कुठल्याही शिष्यवृत्तीपेक्षा जास्त असते.

कोषाध्यक्ष (मडगाव)

खेळाचं वर आलंच आहे, मी पैशाचं आणि कॉलेजच्या तब्येतीचं लिहितो.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याची तीन ठिकाणं उघडी आहेत, फुकट. ‘कॉलेज नॅव्हिगेटर’वर विद्यार्थिसंख्या, पहिल्या वर्षानंतर किती मुलं परत येतात आणि किती पदवी घेतात हे असतं. ‘इक्विटी इन अ‍ॅथलेटिक्स’च्या कोष्टकात प्रत्येक संघात किती खेळाडू आणि सामन्यांवर किती खर्च, हे दिलेलं असतं. बेसबॉलचा सामन्यांचा खर्च ७०,००० डॉलर आणि मुलं ५५ असतील तर डोई सुमारे १,२७० डॉलर. त्यात बस, हॉटेल, जेवण, चेंडू, पंच सगळं. मग मार्चमधल्या फ्लोरिडाच्या दौऱ्याचे पैसे मुलांकडून घेतात का, हे विचारायलाच हवं. तिसरं ठिकाण आर्थिक जबाबदारीच्या गुणांचं. उणे १ ते ३ अशी मोजपट्टी आहे. १.५ आणि वर ठीक, १ ते १.५ मध्ये देखरेखीखाली, १ च्या खाली नापास. एका वर्षाचा आकडा घेऊ नका, चार वर्षांची उतरंड बघा.

कॉलेजचं नाव या याद्यांत सापडलं नाही तर लगेच लबाडी समजू नका. काही धार्मिक कॉलेजं सरकारचे पैसे तत्त्वावर घेत नाहीत. हिल्सडेल आणि ग्रोव्ह सिटी ही त्यातली ठळक नावं. अशा वेळी हिशेबाचा लेखापरीक्षित अहवाल कॉलेजकडे मागायचा.

हे कशाला एवढं? अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न हे मेथडिस्ट परंपरेतलं जुनं कॉलेज ३१ मे २०२४ ला बंद झालं. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोत एनसीएए डिव्हिजन ३ च्या वर्ल्ड सिरीजमधला पहिला सामना खेळत होता. संघ उत्तम असला म्हणून कॉलेज टिकतं असं नाही. आपल्या मुलाला तर जास्त त्रास, कारण कॉलेज बंद झालं की एफ-१ (विद्यार्थी) व्हिसाची नोंद मुदतीत दुसऱ्या कॉलेजकडे हलवावी लागते.

मान्यतेचंही बघा. हायर लर्निंग कमिशन किंवा एसएसीएससीओसी यांची मान्यता असेल तर चिंता कमी. बायबल कॉलेजांना एबीएचई किंवा ट्रॅक्स यांची असते. त्याही अधिकृत आहेत, पण तिथले क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठात नेताना अडथळे येतात. परत येऊन इथे पुढे शिकायचं किंवा सरकारी नोकरी बघायची तर भारतातली समकक्षता लागते, आणि यूजीसीने त्यासाठी २०२५ मध्ये नवे नियम काढले आहेत. कॉलेज त्यात बसतं का ते पदवीच्या नावासकट तपासा.

आता तुमचा हिशेब. नमुना म्हणून घ्या, डॉलर ८५ रुपये धरलाय, आजचा भाव तुम्ही घाला. ट्युशन २८,०००, राहणं-जेवण १०,०००, इतर फी १,५००, आरोग्य विमा २,०००. झाले ४१,५००. त्यातून खेळाचे ८,००० आणि मार्कांचे समजा १२,००० वजा. उरले २१,५००, म्हणजे १८ लाख २७ हजार ५०० रुपये, एका वर्षाचे. विमानाचं तिकीट वेगळं, ग्लोव्ह-शूज वेगळे, नाताळात आणि मे महिन्यात हॉस्टेल बंद झालं तर राहण्याचा खर्च वेगळा. हा शेवटचा प्रश्न अमेरिकन मुलांना पडत नाही, ती घरी जातात, म्हणून प्रशिक्षकाच्या डोक्यातही येत नाही. तुम्ही विचारा.

‘आमच्या ९५ टक्के मुलांना मदत मिळते’ ह्या वाक्याला भुलू नका. त्यात सरकारी पेल ग्रँट आणि राज्याची मदत धरलेली असते, ती एफ-१ वाल्यांना मिळत नाही. कामही सत्र चालू असताना कॅम्पसवरच, आठवड्याला २० तास. सराव, प्रवास आणि सत्राला १२ क्रेडिटचा (विषयांना दिलेल्या गुणभारांचा) किमान अभ्यास सांभाळून पिचरला ते २० तास कुठून मिळणार! आणि शिष्यवृत्तीचा जो भाग राहण्या-जेवण्यावर जातो त्यावर कर लागतो, कॉलेज बहुधा १४ टक्के आधीच कापतं.

प्रशिक्षकाचा मेल म्हणजे ऑफर नव्हे. आर्थिक मदत विभागाचं सहीचं पत्र हवं, त्यात चार ओळी स्पष्ट हव्यात: रक्कम किती, किती वर्षांसाठी, नूतनीकरणाला किती जीपीए (सरासरी गुणांक), आणि दुखापत झाली किंवा प्रशिक्षकाने संघातून काढलं तर काय. बहुतेक ठिकाणी ती वर्षापुरतीच असते. ट्युशन दरवर्षी वाढते आणि शिष्यवृत्ती आहे तिथेच राहते, हेही लक्षात घ्या.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त कर्जाची योजना आहे. हे कॉलेज आणि हा अभ्यासक्रम तिच्यात बसतो का, हे महामंडळाला लेखी विचारून मगच तो आधार धरा.

सांतइनेज

भाऊजींच्या प्रश्नाला उत्तर: नाही, ते तितकं सोपं नाही. आपल्याकडची पाद्र्यांची कॉलेजं सगळ्यांसाठी आहेत, धर्म कोणी विचारत नाही. अमेरिकेतली कॅथलिक कॉलेजंही बहुतेक तशीच, मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) या म्हणून सक्ती नसते, धर्मशास्त्राचे एक-दोन पेपर द्यावे लागतात. पण एनसीसीएएतली कॉलेजं बहुतेक इव्हँजेलिकल किंवा बॅप्टिस्ट वळणाची. त्यांच्यात दोन जाती असतात. काही कोणालाही घेतात. काही फक्त आपण ख्रिस्ती आहोत असं लिहून देणाऱ्यांनाच घेतात.

ओळखायची सोपी खूण प्रवेश-अर्जात आहे. ‘तुमच्या पास्टरचं शिफारसपत्र जोडा’ असं असेल तर ते दुसऱ्या जातीचं समजा. गावच्या पाद्र्याकडून ओळखीने पत्र आणून वेळ मारून नेऊ नका. अर्जात खोटं निघालं तर प्रवेश जातो आणि व्हिसाच्या नोंदीवर डाग राहतो.

दुसरा कागद म्हणजे स्टुडंट हँडबुक. पूर्ण वाचा, भाच्यालाही वाचायला लावा. त्यात दोन वेगवेगळे मजकूर असतात, ते एकत्र मिसळू नका. एक श्रद्धेचं निवेदन: ‘मी हे मानतो.’ दुसरं वागणुकीचा करार: ‘मी इथे असेपर्यंत असं वागेन.’ दुसऱ्यावर हिंदू मुलगा प्रामाणिकपणे सही करू शकतो, पहिल्यावर नाही. सही नक्की कशावर घेतात ते प्रवेश विभागाला मेलवर विचारा, प्रशिक्षकाला नको. प्रशिक्षक ‘होईल रे, काही नसतं’ म्हणेल.

करारात काय असतं? दारू-तंबाखू नाही, कॅम्पसबाहेरही नाही आणि सुट्टीतही नाही. मुलींच्या हॉस्टेलात जायच्या वेळा. रात्रीची वेळमर्यादा. चॅपल (कॉलेजची सामुदायिक प्रार्थनासभा) आठवड्यातून दोन-तीनदा, हजेरी कार्ड टॅप करून. ठरावीक खाड्यांनंतर दंड, मग संघातून निलंबन. सामन्याच्या प्रवासामुळे चुकलेलं चॅपल माफ असतं का, हे विचारून ठेवा, कारण एप्रिलमध्ये बेसबॉलवाले सारखे बसमध्येच असतात. बायबलचे सक्तीचे क्रेडिटही मोजा. पदवीला १२० लागतात. त्यातले १२ ते १८ तिकडे गेले आणि मुलाला कॉम्प्युटर किंवा बायोलॉजी करायचंय, तर हंगामाच्या सत्रात वेळापत्रक घट्ट होतं. मुळात ते विषय तिथे आहेत का, प्रयोगशाळा कशा आहेत, हेही बघा. ६०० मुलांच्या कॉलेजात पूर्ण विभाग दोन प्राध्यापकांचा असू शकतो.

शिस्तभंगाची साखळी आपल्या मुलाला जास्त लांब नेते. निलंबन झालं की वर्ग थांबतात, १२ क्रेडिटच्या खाली गेला की पूर्णवेळ विद्यार्थी राहत नाही, आणि तिथून व्हिसा धोक्यात. अमेरिकन मुलगा त्याच चुकीला एक सत्र घरी बसून परत येतो.

संघातली प्रार्थना, बायबल अभ्यासाचा तास, सेवाकार्य हे बहुतेक ठिकाणी असतंच. डोकं झुकवून शांत उभं राहिलं तर चालतं का, की बोलून प्रार्थना करावी लागते, असं सरळ विचारा. ह्या प्रश्नाला कोणी रागावत नाही. उलट जो प्रशिक्षक नीट उत्तर देतो त्याच्याकडे मुलगा पाठवायला हरकत नसते. एखाद्या परदेशी किंवा ख्रिस्ती नसलेल्या खेळाडूचा संपर्क मागा आणि त्याच्याशी प्रशिक्षक नसताना बोला. जेवणाचंही त्यालाच विचारा. मेसमध्ये बीफ आणि पोर्क रोज असतं. सोमवारी शिवराक (शाकाहार) पाळणाऱ्याने आठवडाभर सॅलड आणि पास्त्यावर काढायची तयारी ठेवावी.

रविवारी न खेळणारी कॉलेजं आहेत. तिथे पाऊस पडला की शुक्रवार-शनिवारचे सामने सोमवारी ढकलतात आणि वर्ग बुडतात. लहान गोष्ट, पण विज्ञानाच्या प्रॅक्टिकलवाल्यांना जाचते.

माउंड (पेडणे)

वेगाबद्दल थोडं. ७६-७८ कुठून मोजला? चेंडू हातातून सुटताना आणि बॅटरजवळच्या होम प्लेटवर पोचताना यात साधारण ७-८ मैलांचा फरक पडतो. गन रेषेत नसली तरी आकडा पडतो. १५ अंश तिरकी धरली तर साडेतीन टक्के कमी, म्हणजे ७८ चे ७५. कॅचरच्या मागून सरळ रेषेत, सुटतानाचा आकडा पकडा आणि दहा सलग चेंडूंचे आकडे द्या, फक्त सर्वांत मोठा नको. ह्या पातळीवरचे डावखुरे स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) साधारण ८० ते ८६ मध्ये असतात, तेव्हा ७८ ला दार बंद नाही, पण नियंत्रण दाखवावं लागेल.

सपाट जमिनीवरचा व्हिडिओ पाठवला असेल तर प्रशिक्षकाने अर्धंच पाहिलंय. माउंडवरून टाकताना पाऊल उतारावर पडतं, चेंडू सुटायची जागा बदलते. गोव्यात माउंड शोधत बसण्यापेक्षा करून घ्या. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, ८ बाय ४ फुटांचा एक शीट (साधा प्लाय आपल्या दमटपणात एका पावसाळ्यात फुगतो). रबर (पिचर पाय टेकतो ती पट्टी) २४ बाय ६ इंच, शीटच्या मागच्या कडेला लावायचं. त्यापुढे ६ इंच सपाट. तिथून प्रत्येक फुटाला एक इंच उतार. रबरची उंची १० इंच ठेवली तर ७ फुटांत ७ इंच उतरतं आणि पुढची कड ३ इंचांवर राहते. पाऊल त्याच्या बरंच आधी पडतं, त्यामुळे चालतं. उतार आणि सपाटी यांचा सांधा पडतो तिथे प्लाय कापून खाली आडवी पट्टी द्या, नाहीतर महिन्याभरात चीर जाते. मागे वाइंडअपचं (चेंडू टाकण्याआधीच्या पूर्ण हालचालीचं) पाऊल टाकायला १० इंच उंचीचा २ फुटांचा वेगळा खोका. वर क्रिकेटचं काथ्याचं मॅटिंग खिळ्यांऐवजी स्क्रू आणि वॉशरने ताणून बसवा. लोखंडी स्पाइक घालू नका, रबरी तळाचे टर्फ शूज. रबरच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत १८.४४ मीटर टेपने मोजा. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर, त्यावर अंदाजाने टाकू नका.

व्हिडिओ तीन कोनांतून: कॅचरच्या मागून, पिचरच्या मागून, आणि छाती दिसते त्या बाजूने. प्रत्येक प्रकाराचे पाच-सहा चेंडू, वाइंडअपमधून आणि स्ट्रेचमधून (बेसवर धावपटू असतानाच्या आखूड हालचालीतून). त्यानंतर न कापलेले सलग १५ चेंडू, कॅचरने ग्लोव्ह जिथे धरला तिथे जातोय का ते दिसेल असे. डावखुरा आहे, तर पहिल्या बेसवरचा पिकऑफ (तिथल्या धावपटूला बाद करायची फेक) जरूर घाला, त्याचं अर्ध भांडवल तेच. गाणं नको, स्लो मोशन एकदाच. जून लागला की मैदान संपलं, तेव्हा हे मे संपायच्या आत उरका.

प्रशिक्षकाकडून तुम्हीही व्हिडिओ मागा. फोन हातात घेऊन मैदानावरून चालत दाखव म्हणा: माउंड, बुलपेन (पिचरांची सरावाची जागा), इनडोअर केज (आतली जाळी). बुलपेनमध्ये एकच रबर आणि पिचर २३, तर सरावाची रांग केवढी लागेल ते कळतं. फेब्रुवारीत मिडवेस्टमध्ये बर्फ असतं, सगळा सराव आत. आत छप्पर किती उंच, जाळी किती लांब, आणि तीच जागा बास्केटबॉल-व्हॉलीबॉललाही लागते का? पिचिंगचा वेगळा प्रशिक्षक पूर्णवेळ आहे की दरवर्षी बदलणारा ग्रॅज्युएट असिस्टंट (पुढे शिकत मदत करणारा विद्यार्थी)? प्रमाणित अ‍ॅथलेटिक ट्रेनर रोजच्या सरावाला हजर असतो का, आणि खांदा-कोपराचं एमआरआय लागलं तर विमा लागू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम कोण भरतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी.

अंत्रुजकर (फोंडा)

सगळ्यांना देव बरें करूं. दोन रात्री बसून आकडे काढले.

रोस्टर ५७, पिचर २३. डावखुरे पाच, त्यातले तीन सीनियर (शेवटच्या वर्षाचे). दोन वर्षांपूर्वीचे फ्रेशमन १९ होते, आज ७ आहेत. गेल्या हंगामात ४६ सामने, ३५२ इनिंग, वरच्या सात पिचरनी २६२ टाकल्या. वॉक २४१. धावा ३३१, त्यातल्या अर्न्ड २४६. बॉक्स स्कोअरमध्ये १२० च्या वरचा एकच सापडला, तो सीनियर. कॉलेजच्या ६०० पैकी ३१८ खेळाडू आहेत. आर्थिक गुण १.३, तीन वर्षांपूर्वी १.९ होते. पास्टरचं पत्र मागत नाहीत, सही वागणुकीच्या करारावर. चॅपल आठवड्यातून तीनदा. मान्यता हायर लर्निंग कमिशनची.

स्कोअरबुक (म्हापसा)

छान काम केलंत. मी असं वाचतो.

नऊ इनिंगमागे वॉक येतात ६.१६. धावांतल्या ८५ चुकांमुळे, म्हणजे चौथा हिस्सा. संघ सैल आहे, पण भाच्यासाठी ह्यातच संधी आहे. तीन डावखुरे जाणार, उरलेले दोन. स्ट्राइक टाकणारा डावखुरा ह्या संघाला पहिल्या वर्षीच लागेल, ७८ वरही. उरलेल्या १६ पिचरना मिळून ९० इनिंग मिळाल्या, साडेपाच-सहा डोई. म्हणजे वरच्या सातांत शिरला तर हंगाम, नाही तर काहीच नाही. मधला टप्पा इथे नाही. ज्युनियर व्हर्सिटी (कॉलेजचा दुसऱ्या फळीचा) संघ आहे का, त्याचे गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती सामने झाले, हे विचारा. कागदावर २० आणि झाले ६, असं असू शकतं.

१९ पैकी १२ गेले हे मला टोचतं. ते कुठे गेले ते शोधा. दुसऱ्या संघांच्या रोस्टरवर नावं सापडली तर खेळासाठी गेले. कुठेच सापडत नसतील तर पैसे, अभ्यास किंवा शिस्त, ह्यातलं काहीतरी. दोघांना मेसेज करून विचारलं तर सांगतात.

कोषाध्यक्ष (मडगाव)

१.९ वरून १.३ ही उतरंड मला आवडलेली नाही. लगेच बुडतंय असं नाही, पण ६०० मुलांत निम्म्याहून जास्त खेळाडू, म्हणजे भरती घटली की दोन्ही एकदम घटणार. यंदा आणि गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला किती मुलं आली, हा आकडा मागा.

३०० डॉलर आत्ता भरू नका. अशा कॉलेजांत प्रवेश वर्षभर चालू असतात, दोन आठवड्यांची मुदत ही विक्रीची युक्ती आहे. प्रशिक्षकाला लिहा की आर्थिक मदत विभागाचं पत्र आलं की एका आठवड्यात कळवतो. तोवर तशाच आणखी चार-पाच कॉलेजांना नवा व्हिडिओ पाठवा. ८,००० चं पत्र हातात असलं की दुसरा प्रशिक्षकही आकडा नीट बोलतो. एनएआयएच्या एलिजिबिलिटी सेंटरची (पात्रता तपासणाऱ्या केंद्राची) नोंदणी मात्र आत्ताच सुरू करा, नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतील. बारावीनंतर एक वर्ष थांबून स्पर्धा खेळायचा विचार असेल तर त्याचा पात्रतेवर काय परिणाम होतो, हे त्यांनाच लेखी विचारा.

पैशांचा क्रम असा ठेवा. आधी पत्र, मग डिपॉझिट (परत मिळतं का आणि कुठल्या तारखेपर्यंत, ते वाचून), मग बँकेचे कागद देऊन आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रमाणपत्र). ते हातात आल्यावर सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० आणि व्हिसाचे १८५ डॉलर. हे दोन्ही व्हिसा नाकारला तरी परत येत नाहीत. मुलाखत मुंबईला, बीकेसीत. तिथे ‘हेच कॉलेज का’ हा प्रश्न येतोच. नुसतं ‘बेसबॉल’ म्हटलं की कलम २१४ब खाली (परत जाण्याची खात्री न पटल्याने) नकार यायची भीती असते. कुठला विषय, त्यात काय शिकणार, परत येऊन काय करणार, आणि चार वर्षांचे पैसे कुठून, हे त्याने स्वतः, इंग्रजीत, पाठ न करता सांगता आलं पाहिजे.